सही समोर करायची

उभीताईला मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

कचेरीच्या जिन्याखाली तिची जागा होती. छातीइतक्या उंचीचं एक लोखंडी कपाट, त्याच्या डोक्यावर कॉम्प्युटर, शेजारी प्रिंटर. खुर्चीही होती, पण तिच्यावर गिऱ्हाइकांच्या पिशव्या असायच्या. ती उभ्यानं टाईप करायची. एका पायावरचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्यावरचा पहिल्यावर. मधेच रस्त्यापर्यंत जाऊन यायची. कुणाला बघायला, ते ती सांगायची नाही. तिचं खरं नाव कपाटावरच्या पाटीवर होतं. पण पाटीसमोर प्रिंटर होता.

मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले ती माझ्या नावासाठी. पदवीच्या कागदावर माझं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. दोन्ही व्यक्ती एकच आणि ती मीच, असं मला शपथेवर सांगायचं होतं.

"काय शिकलीस?" तिनं टाईप करता करता विचारलं.

"साहित्य."

"आणि आता?"

"शोधतेय."

"साहित्य?"

"नोकरी."

ती हसली नाही. प्रिंटरमधून कागद ओढून म्हणाली, "मिळेपर्यंत इथं उभी राहा. लोकांना धड अर्ज लिहिता येत नाहीत. आणि सही करू नकोस अजून. पेन खाली ठेव. सही वर, साहेबांसमोर करायची."

मी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी उभी राहायला गेले. ती मला कादंबरी म्हणू लागली.

तिचा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न ठरलेला. "कागद द्यायचाय कुठं?" त्यावरून ती ठरवायची, शिक्का लागेल की नाही. शाळेत पत्ता सांगायचाय, सोसायटीला गाडीची माहिती द्यायचीय, तर साधं निवेदन आणि स्वतःची सही. "जिना चढू नका उगाच," ती म्हणायची आणि स्वतःचंच गिऱ्हाईक कमी करायची. पण कागद कोर्टात जाणार असेल, दुसऱ्या देशात जाणार असेल, नाव, जन्मतारीख, वारस असलं काही त्यावर ठरणार असेल, तर मात्र प्रतिज्ञापत्र, आणि तेही नोटरी केलेलं.

"फरक काय?" एकदा मी विचारलं.

"तिथं बसलेला माणूस तुझ्या घरी येऊन बघणार आहे का? त्याच्या हातात फक्त तुझा शब्द. मग तो शब्द तू कुणाच्या तरी डोळ्यांदेखत दिलास, एवढं तरी त्याला कळायला हवं ना?"

ते डोळे वरच्या मजल्यावर होते. नोटरी. वकीलसाहेब म्हणायचे सगळे त्यांना. ताई पाठीमागं खरंकाका म्हणायची. पलीकडच्या गल्लीत इतर नोटरी होते. तिथं कागदांचा गठ्ठा जायचा आणि शिक्के वाजल्याचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. खरंकाकांकडे तसं नव्हतं. माणसानं टेबलासमोर उभं राहायचं. आपला कागद आपण मोठ्यानं वाचायचा. एक कलम झालं की काका चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "खरं?" माणूस "खरं" म्हणाला की पुढचं कलम. वाचता येत नसेल तर काका स्वतः वाचायचे. शेवटी सही, मग ओळख पटवणाऱ्याची सही, मग शिक्का. लोक वैतागायचे. एक जण म्हणाला होता, "साहेब, लग्नातसुद्धा मला इतक्या वेळा विचारलं नव्हतं." काका म्हणाले, "तिथं विचारलं असतं तर निम्मी माणसं माझ्याकडे आली नसती."

ताई त्यांची नक्कल हुबेहूब करायची. मान खाली, डोळे वर. "खरं?" गिऱ्हाइकं हसायची.

एक म्हातारे गृहस्थ आले. पाकिटातून बायकोचं प्रतिज्ञापत्र काढलं. खाली सही होती.

"ही कुठं केली?" ताईनं विचारलं.

"घरी. तिचा गुडघा दुखतो."

"मग हा कागद गेला."

"अहो बाई, अख्खा जन्म संसार केलाय. तिची सही मी ओळखत नाही?"

"तुम्ही ओळखता हो. साहेबांनी तिला सही करताना बघायला हवं. झालेली सही बघून काय उपयोग? जिना चढवत नसेल तर साहेब घरी येतील, मी सांगते त्यांना. पण हा कागद नाही चालायचा. दुसरा काढते."

"तुमच्यासारखी कडक बाई बघितली नाही."

"घरी आहे ती कडक नाही का?"

"ती? ती तर…" गृहस्थ हसायला लागले आणि दुसऱ्या कागदाला तयार झाले.

ते गेल्यावर ताई म्हणाली, "घरून सही करून का आणतात माहितीय? निम्मे घाईनं. आणि निम्मे…" तिनं वाक्य सोडलं. रस्त्यापर्यंत जाऊन आली.

तिच्या घरी मी जाऊ लागले ते तिच्या मुलीमुळं. मुलगी सतरा वर्षांची, तिला ती चिमणी म्हणायची. चिमणी उंचीनं आईच्याही वर गेली होती. त्यांच्या दोन खोल्यांत सगळीकडे प्लास्टरचे हात-पाय होते. खिडकीत एक मनगट. मिठाच्या बरणीशेजारी तळवा. चिमणीला कृत्रिम हात-पाय बनवायला शिकायचं होतं. सुट्टीत ती अशा एका कार्यशाळेत जाऊन झाडलोट करून आली होती आणि साचे घ्यायला शिकली होती. माझा डावा हात तिच्याकडे होता. शेजारच्या काकूंचा गुडघाही होता. फक्त आईचा पाय नव्हता.

"तीनदा घेतला," ती मला म्हणाली. "तीनदा बिघडला. प्लास्टर वाळेपर्यंत हिला एका जागी राहता येत नाही."

"मला गॅस बघायचा होता," ताई आतून म्हणाली.

"गॅस बंद होता, आई."

"तेच बघायला उठले."

मग चिमणीला दुसऱ्या देशातल्या एका संस्थेत जागा मिळाली. फी माफ, राहणं तिथंच. त्या संध्याकाळी ताईनं आनंदानं भांडी तीनदा विसळली. चिमणी तिच्यामागं फिरत पत्र वाचून दाखवत होती.

पासपोर्ट कचेरीनं कागद मागितले. मुलगी अजून अज्ञान, अठराच्या आतली. आई-वडील दोघांची संमती हवी. वडील नसतील तर त्याचा दाखला. वडील सोडून गेले असतील आणि कुठं आहेत हे माहीत नसेल, तर तसं आईचं प्रतिज्ञापत्र, नोटरी केलेलं. शुक्रवारपर्यंत कागद पोचले नाहीत तर पासपोर्ट वेळेत निघणार नव्हता, आणि संस्था जागा दुसऱ्याला देणार होती.

बाप घर सोडून गेला तेव्हा चिमणी रांगत होती. कुठं गेला, कुणालाच माहीत नाही. हे मला दोघींनीही सांगितलं होतं, अगदी त्याच शब्दांत.

"दहा मिनिटांचं काम, आई," चिमणी म्हणाली. "तू तर रोज करतेस."

"करू की."

केलं नाही. एक आठवडा गेला. ताई लोकांची प्रतिज्ञापत्रं छापत राहिली. स्वतःचं काढायची वेळ आली की प्रिंटरची शाई संपायची, वीज जायची, कुणीतरी घाईचं यायचं. रस्त्यापर्यंतच्या तिच्या फेऱ्या वाढल्या. एका वाक्यात तिनं एका गिऱ्हाइकाच्या बापाचं नाव दोनदा घातलं. तिच्या हातून असं कधी होत नसे.

"ताई, काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही. टाचा दुखतात."

"मग बस ना."

"बसले की जास्त दुखतात."

शेवटी सोमवारी चिमणीच आली. शाळेतून थेट. म्हणाली, "चल वर. आत्ताच्या आत्ता. कादंबरी, तूही चल, ओळख पटवायला माणूस लागतो."

"साहेब ओळखतात मला," ताई म्हणाली.

"त्यांना स्वतःची ओळख चालत नाही. तूच सांगतेस सगळ्यांना."

ताईनं पिशवीतून कागद काढला. छापला कधी, मला कळलं नव्हतं. आम्ही जिना चढलो.

काकांची खोली लहान. एक खिडकी, एक टेबल, भिंतीलगत बाक. चिमणी बाकावर बसली. काका तिला बघून खुश झाले. "चाललीस म्हणे. आमचे पाय दुखायला लागले की कुणाकडे यायचं?"

"तुमच्याही पायांचे साचे घेऊन ठेवते जाण्याआधी."

"खरे आहेत तोवर राहू दे." मग त्यांनी कागद हातात घेतला. शेवटच्या पानावर गेले. थांबले. चष्मा काढून पुसला. पुन्हा बघितलं.

"सही झालीय," ते म्हणाले.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"तुम्ही?" काकांचा आवाज रागाचा नव्हता. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा होता. "तुम्ही घरून सही करून आणलीत?"

ताई म्हणाली, "सवयीनं."

ते उत्तर खोलीत तसंच राहिलं. तिला ही सवय असणं शक्य नव्हतं. रोज ती लोकांच्या हातातलं पेन काढून घेत असे.

"दुसरा काढून आणा," काका म्हणाले. "मी आहे इथंच."

आम्ही दोघी खाली आलो. चिमणी वरच बसली. ताईनं कॉम्प्युटर सुरू केला. मजकूर समोर आला. तिनं बोट बटणावर ठेवलं आणि ते तिथंच राहिलं.

"मला माहितीय तो कुठं आहे," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही, कोण.

"वजनकाटे दुरुस्त करतो. पलीकडच्या गावात, बसस्थानकामागं. हिरवं दार आहे दुकानाला." ती पडद्याकडे बघून बोलत होती. "एकानं सांगितलं म्हणून बघायला गेले. म्हटलं, चार लोकांत वाभाडे काढते त्याचे. समोरच्या दुकानाच्या आडोशाला उभी राहिले. तो एका गिऱ्हाइकाबरोबर हसत होता. हसताना मान अशी करतो, अगदी चिमणीसारखी. मला रस्ता ओलांडताच आला नाही. परत आले. मग अधूनमधून जात राहिले."

"चिमणीला?"

"नाही."

"का?"

"गेली असती ना ती." तिनं माझ्याकडे पाहिलं. "एकदा भेटली असती, मग सुट्टीत, मग सणावाराला. त्यानं काय केलं? निघून गेला. आणि ती त्याला बघून माझ्यासमोर तशी मान करून हसली असती. मला नको होतं. कुठं बाहेर गेली की आजही वाटतं, त्या बाजूला तर नाही ना."

जिन्यावरून कुणीतरी उतरलं. ती बोलायची थांबली. माणूस गेला.

मी सुन्न झाले होते. तरी डोकं चालत होतं, आणि ते भलत्या दिशेला चाललं. मी म्हटलं, "घर माहितीय त्याचं?"

"नाही. दुकानच."

"मग असं लिही. 'त्यांच्या निवासाचा निश्चित पत्ता मला माहीत नाही.' ते खोटं नाही."

ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं 'ते कुठे आहेत हे मला माहीत नाही' हे चौथं कलम पुसलं आणि माझं वाक्य टाईप केलं. कागद आला. माझं वाक्य छापलेलं दिसत होतं. चांगलं वाक्य होतं. मला ते वाचवेना.

"पलीकडच्या गल्लीत जायचं का?" मी विचारलं. "तिथं वाचायला लावत नाहीत."

"चिमणी वर बसलीय. काय सांगू तिला? की आपले काका सोडून तिकडं का?"

आम्ही वर गेलो. काकांनी खिडकी अर्धी लावून घेतली होती, रस्त्याचा आवाज नको म्हणून. ताई टेबलासमोर उभी राहिली. वाचू लागली. स्वतःचं नाव, वय, पत्ता.

"खरं?"

"खरं."

मुलीचं नाव, जन्मतारीख.

"खरं?"

"खरं."

लग्न झालं, नवरा घर सोडून गेला.

"खरं?"

"खरं."

चौथं कलम. "त्यांच्या निवासाचा निश्चित पत्ता…" ती थांबली. पुन्हा सुरू केलं. "त्यांच्या निवासाचा…"

बाकावरून चिमणी म्हणाली, "वाच ना, आई."

ताईचा उजवा पाय हलत होता. टेबलाच्या पायावर तिची चप्पल टकटक वाजत होती. काका वाट बघत होते. त्यांनी अजून विचारलंही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"खरं नाही. मला माहितीय तो कुठं आहे."

चिमणी उठली. "कधीपासून?"

"तू पहिलीत होतीस."

"पहिलीत." चिमणीनं तो शब्द नुसता परत म्हटला. मग म्हणाली, "मला वाटायचं ते मेलेत आणि तुला सांगवत नाहीये. मी म्हणून विचारायची नाही. तुला रडायला लागू नये म्हणून."

ताईनं हातातल्या कागदाची कड सरळ केली.

काकांनी कागद तिच्या हातातून घेतला, घडी घातली आणि तिला परत दिला. "शपथ झालेली नाही," ते हळूच म्हणाले. "सही झालेली नाही. म्हणजे काही बिघडलेलं नाही. त्यांची संमती आणा. त्यांना इथं घेऊन या. मी थांबतो." मग म्हणाले, "बसा जरा."

ती बसली नाही.

चिमणी दारात उभी होती. पाठ आमच्याकडे. तिथूनच तिनं विचारलं, "दुकान आहे का त्यांचं?"

"आहे."

"बंद कधी होतं?"

"अंधार पडला की," ताई म्हणाली. लगेच म्हणाली. "मंगळवारी उघडत नाही."

चिमणी वळली. आईकडे बघत राहिली. बापाच्या दुकानाची सुट्टी तोंडपाठ असलेल्या बाईकडे बघावं तसं.

"आज सोमवार आहे," मी म्हटलं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

त्या दोघी निघाल्या. "मी येऊ?" असं विचारलं तर ताई म्हणाली, "तू मशीन बघ." रस्त्यावर त्या एकमेकींपासून अंतर ठेवून चालत होत्या. ताई पुढं जायची, थांबायची, चिमणी गाठेपर्यंत वाट बघायची, आणि चिमणी जवळ आली की पुन्हा पुढं. मी कपाटापाशी उभी राहिले. एक माणूस आला, मला शिक्का लागेल का म्हणाला. मी विचारलं, "कागद द्यायचाय कुठं?" उत्तर माझ्या कानात शिरलं नाही. पुन्हा विचारावं लागलं.

मंगळवारी दुपारी ती तिघं आली.

मी कुणीतरी दांडगा, देखणा माणूस मनात धरला होता. हा बुटका होता. धुतलेला शर्ट, पण नखांत तेल. जिन्याशी आल्यावर त्यानं ताईला आधी जाऊ दिलं. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं." त्यानं "बरं" म्हटलं आणि चढला. इतकंच बोलणं. चिमणी माझ्याशेजारून गेली. डोळे सुजलेले होते. आईशी ती बोलत नव्हती, हे दिसत होतं. त्याच्याशीही फारसं नाही.

मीही वर गेले.

संमतीपत्र ताईनंच तयार केलं होतं. खाली सहीची जागा कोरी होती. तो वाचू लागला. अडखळत वाचत होता. "माझी मुलगी" या शब्दांशी आला आणि ते दोनदा वाचले.

"खरं?" काकांनी विचारलं.

"खरं."

"तिच्या परदेशी जाण्याला व तिथे राहून शिकण्याला माझी पूर्ण संमती आहे."

"खरं?"

त्यानं चिमणीकडे पाहिलं. ती खाली, त्याच्या पायांकडे बघत होती. ती सगळ्यांच्याच पायांकडे बघते.

"मी कोण नाही म्हणणारा," तो म्हणाला.

"तसं नाही चालत," काका म्हणाले. "खरं की खोटं, एवढंच."

"खरं."

त्यानं सही केली. काकांनी ती होताना पाहिली. मग त्यांनी त्याचं ओळखपत्र पाहिलं आणि मान वर केली. "यांची ओळख कोण पटवणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते.

चिमणी म्हणाली, "मी काल संध्याकाळपासून ओळखते. चालेल?"

"नाही चालायचं, बेटा."

खोलीत पंखा कुरकुरत होता. ताई खिडकीपाशी होती, खाली रस्त्याकडे तोंड करून. आता रस्त्यावर बघण्यासारखं कुणी नव्हतं. ज्याच्या धास्तीनं बघायचं तो खोलीत होता.

"मी ओळखते," ती म्हणाली.

ती टेबलापाशी आली. वाकली. ओळख पटवणाऱ्याच्या ओळीवर तिनं सही केली, पूर्ण नावाची, त्याच्या आडनावासकट. काका बघत होते. तोही बघत होता. शिक्का बसला. आवाज फार झाला नाही.

खाली आल्यावर तो म्हणाला, "निघतो मी. बस आहे." आणि उभाच राहिला.

"मी सोडून येते यांना," चिमणी म्हणाली.

ताईचा चेहरा मी पाहिला. याच वाक्याला ती इतकी वर्षं भीत आली होती. "जा," ती म्हणाली.

ती दोघं वळणापर्यंत दिसली, मग दिसेनाशी झाली. ताईनं खुर्चीवरच्या पिशव्या उचलून जमिनीवर ठेवल्या आणि बसली. मी बघतच राहिले. ती उठली. पिशव्या परत खुर्चीवर ठेवल्या. एका गिऱ्हाइकाचं निवेदन सुरू केलं. थांबली.

"बस सुटली असेल ना ग?"

"आत्ताच तर गेलेत."

"हो." ती रस्त्यापर्यंत गेली. आली. "आता?"

"ताई."

"बरं, बरं."

दोनदा आणखी गेली. तिसऱ्यांदा निघाली तेव्हा चिमणी वळणावरून येत होती. एकटीच. आई मधेच थांबली, आणि मागं वळून कॉम्प्युटरशी आली, जणू गेलीच नव्हती.

चिमणीनं कपाटावरचा कागद उचलला. "पासपोर्ट कचेरी बंद व्हायच्या आत देऊन येते," ती म्हणाली. मला. आईला नाही. चार पावलं गेली. तिथून, मान न वळवता, म्हणाली, "रात्री साचा घ्यायचाय पायाचा. जायच्या आधी एक तरी धड हवा मला."

"घे की," ताई म्हणाली.

"हलायचं नाही."

"नाही हलत."

चिमणी गेली. मी खाली पाहिलं. ताईचा पाय हलत होता.